हसनभाईची बंदूक आणि चिंचेवरचा डबा

त्या बंदुकीतून मी झाडलेल्या छऱ्यांपैकी सात आमच्याच घराच्या कवेलूंना लागले, एक शेजारच्या पार्बताबाईंच्या लोणच्याच्या बरणीला, एक आमच्या पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडाला, आणि ज्या डब्याला ते लागायला हवे होते त्याला एकही लागला नाही.

दोष बंदुकीचा होता. (हे मी आजही म्हणतो. घरात कोणी नसलं की मोठ्यानं म्हणतो.)

गोष्ट जुनी आहे. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील होती, आणि सरकारनं नुकतंच आम्हाला मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकलं होतं. (तेही नेम धरून टाकलं असेल असं वाटत नाही.) आमचं गाव मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चहूकडे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल. हिरडा, डिंक, मध, मोहफुलं असला जंगलचा माल घ्यायचा आणि चांद्याला पाठवायचा, हा माझा व्यापार. सुरुवात डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन केली होती. जंगलातल्या टोल्याटोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, पायी हिंडायचो, मीठ द्यायचो, डिंक घ्यायचो. त्यातून दुकान उभं केलं, घर बांधलं. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाला सांगितलेला भाव दिला नाही. भाव करणं हा माझा धंदा होता, व्यायाम होता आणि करमणूकही होती. एखादी वस्तू पहिल्याच बोलीला घ्यावी लागली तर मला दोन दिवस अन्न गोड लागत नसे.

आता वानरं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. आमच्या अंगणात चिंच आणि चिंचेशेजारी कवेलूंचं छप्पर. टोळी आली की चिंचेवरून छपरावर उडी, छपरावरून चिंचेवर उडी, आणि प्रत्येक उडीला दोन कवेलू फुटलेले! बारा वानरं दोन फेऱ्या मारून गेली की स्वयंपाकघरात बसून आकाश पाहता यायचं.

वानराला मारण्याचा प्रश्नच नव्हता. दर शनिवारी मी मारुतीला नारळ फोडतो (नारळाचा भाव करून). पण घाबरवायला काय हरकत आहे? मी रॉकेलचा एक रिकामा डबा चिंचेच्या उंच फांदीला टांगला. हेतू असा की, ओट्यावरून छऱ्याची बंदूक मारायची, डबा ठणकन वाजेल आणि वानरं पळतील. ना पाप, ना कवेलू फुटणं. ही योजना मी बायकोला, म्हणजे सुभद्रेला, सविस्तर समजावली.

ती म्हणाली, "डब्याले दोरी बांधा न. इथूनच ओढली का वाजते."

"दोरी?"

"हाव. दोरी."

"दोरीले वानरं भेतेत का?"

"भेतेत ते आवाजाले. छर्रा त्याईले कुठी दिसते?"

मी बाजाराची पिशवी उचलली.

आठवडी बाजारात हसनभाई जुन्या वस्तू विकायचा. बंद पडलेली घड्याळं, किल्ल्या हरवलेली कुलपं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, कंदिलाच्या काचा. म्हातारा, शांत, पांढरी दाढी. बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबाची छऱ्याची बंदूक त्याच्याकडे आली होती. मी सकाळी भाव सुरू केला. त्याची भाकर आली तेव्हा मी बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरचे ओरखडे मोजत होतो. त्याची भाकर खाऊन झाली तेव्हा मी नळीत डोळा घालून 'आत अंधार आहे' असं त्याला सांगत होतो.

"नारायणभाऊ, नळीमदी काय दिवा लागते का?" तो म्हणाला.

दुपार कलली तेव्हा भाव माझा झाला होता. वर मी छऱ्यांची डबी फुकट घेतली. मग तेलाची शिशी फुकट घेतली. मग उठता उठता म्हणालो, "अन् बंदूक खराब निघाली त?"

"त वापस आना."

"कोणासमोर बोलून राह्यले ते ध्यानात ठेवा!"

एवढ्या वेळात पहिल्यांदाच हसनभाईनं मान वर केली. आजूबाजूच्या दुकानांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बंदूक खराब निघाली त मी वापस घेतो, अन् भरबाजारात कान पकडतो. पन बंदूक अच्छी अन् तुमचाच हात खराब निघाला, त एक साल या बाजारात तुमी भाव करायचा नाई. कोणाच्याबी दुकानात. जो बोलन तोच भाव. मंजूर?"

समोरची वांगीवाली वांग्यांवर पाणी शिंपडत होती, तिचा हात तसाच हवेत राहिला. एक वर्ष भाव न करणं! मला म्हणाले असते वर्षभर जेवू नका, तर मी निदान विचार केला असता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल.

"मंजूर!" मी ओरडलो.

ही अट मी घरी सांगितली नाही. घरी सगळंच सांगायचं नसतं, असं माझं तेव्हा मत होतं.

बंदूक साधी होती. नळी मधून मोडायची की आतली स्प्रिंग दबते. छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, हवा कोंडते आणि छर्रा उडतो. मी ओट्यावर उभा राहिलो. बंदूक अशी धरली की तिनं हलायची हिंमत करू नये! डाव्या हाताची मूठ आवळली, दस्ता खांद्यात रोवला, गाल दाबला, दात खाल्ले, घोडा ओढला.

फट्!

कवेलू फुटला.

चिंचेवर टोळीचा म्होरक्या बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग फुटलेल्या कवेलूकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. इतकी वर्षं तो हे काम एकटाच करत आला होता, आता जोडीदार मिळाल्यासारखी त्याची नजर होती. दुसरा छर्रा. दुसरा कवेलू. टोळी पळायची सोडून फांद्यांवर ओळीनं बसली. चौथ्या कवेलूला तर दोन वानरिणी पिल्लं घेऊन आल्या.

"हसनभाईनं फसवलं!" मी गरजलो. "आताच्या आता जातो!"

"थांबा भाऊजी," आतून आवाज आला. हा माझा मेहुणा, रामा. सुभद्रेचा धाकटा भाऊ. गावच्या शाळेत मास्तर आणि आमच्याकडे राहायला. रामामास्तराला सगळं माहीत असायचं, फक्त त्यातलं त्यानं काही करून पाहिलेलं नसायचं. "पुरावा पाह्यजे ना भाऊजी. बंदूक खराब हाये म्हणाल त ते इचारन, कुठी खराब हाये? एकेक कारण काढून पाहू. विज्ञान असंच चालते."

खरं सांगतो, तिथं मला गोडी लागली. रागाचा माणूस असलो तरी कुठलीही वस्तू बिघडली की ती का बिघडली, हे कळेपर्यंत माझ्या जिवाला चैन पडत नाही. आम्ही गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवलं, मधोमध काजळाचा ठिपका काढला, वीस पावलं मोजली. मास्तरानं शाळेची वही आणली आणि वर शाईनं लिहिलं, 'बंदूक : दोषसंशोधन'.

पहिला संशय माशीवर. नळीच्या टोकाला नेम धरायला जो बारीक कोंब असतो, त्याला माशी म्हणतात. मास्तर म्हणाला, माशी डावीकडे झुकली आहे. मी म्हणालो, उजवीकडे. आम्ही दोघांनी आपापल्या बाजूनं ठोकली. आता माशी सरळ झाली, यावर आमचं एकमत झालं. छर्रे मात्र पूर्वीइतकेच स्वतंत्र विचारांचे राहिले. एक ठिपक्याच्या वर, एक खाली, एक वर्तमानपत्र सोडून शेणाच्या गोवरीत.

दुसरा संशय पेचांवर. आणि काय सांगू! दस्त्याचे दोन पेच खरोखरच ढिले निघाले! "पाह्यलं? पाह्यलं?" मी अंगणात नाचलो. शिवणयंत्राच्या पेचकसानं मी ते असे आवळले की लाकूड करकरलं. पुढचे तीन छर्रे पहिल्यापेक्षा जरा जवळजवळ पडले. मास्तरानं वहीत लिहिलं, 'सुधारणा.' त्या सुधारणेच्या जोरावर मी पुन्हा डब्यावर नेम धरला.

खळ्ळ!

"नारायणभाऊ!" कुडापलीकडून पार्बताबाई आल्या. हातात बरणीचा कान, फक्त कान. "वानरं आली त निदान खाऊन जातेत! तुमी त नुसतं सांडून ठेवलं!"

"बाई, दोष बंदुकीचा..."

"मंग बंदुकीले सांगा कैऱ्या आणून द्याले!"

तिसरा संशय छऱ्यांवर. सुभद्रेच्या सुपात सगळे छर्रे ओतले आणि एकेक करून कंदिलाच्या काचेवर गडगडत सोडला. सरळ जाणारा चांगला, वाकडा जाणारा चेपलेला. निम्मे वाकडे गेले! मी पुन्हा नाचणार होतो, पण मास्तरानं विचारलं, "भाऊजी, डबी बाजारातून कशात आणली?"

"पिशवीत."

"पिशवीत आणखी काय होतं?"

पिशवीत माझी वजनं होती. लोखंडी. बाजारात मी स्वतःचीच वजनं नेतो, लोकांच्या वजनांवर माझा विश्वास नाही. छऱ्यांची पातळ पत्र्याची डबी तीन कोस त्यांच्याखाली होती.

"याच्यात हसनभाईचा दोष नाई," मास्तर लिहू लागला.

"लिहू नको! वजनं मले कोणाच्यान न्या लागतेत? असल्या लोकाईच्यानच न!"

चांगले छर्रे आगपेटीत वेगळे काढले. आणि इथं एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आगपेटीतले छर्रे रोज थोडे थोडे कमी होऊ लागले. माझा संशय मास्तरावर गेला, त्याचा माझ्यावर. दुसरी गोष्ट अशी की, डब्यावर बारीक पोचे दिसू लागले. चार-पाच. मग सात-आठ.

"हे काय रे?"

मास्तरानं मान वाकडी करून पाहिलं. "वानरं गोटे मारून राह्यले असन."

मला ते पटलं. वानरांचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, एवढंच काय ते झोंबलं. आणि तिसरी गोष्ट (वही असूनही ही नोंद आम्ही केली नाही), मी दुकानात असायचो त्या दुपारी एकही कवेलू फुटत नव्हता. फुटायचे ते संध्याकाळी मी आल्यावर.

चौथा संशय तेलावर. मास्तर म्हणाला, आतलं चामडं सुकलं असेल, हवा निसटत असेल, तेलाचा एक थेंब सोडून पाहू. एक थेंब! फुकट आलेल्या तेलाचा एक थेंब वापरणं म्हणजे फुकट मिळाल्याचा अपमान. मी अख्खी शिशी ओतली. घोडा ओढला.

धडाम्!

तसला आवाज त्या बंदुकीनं पूर्वी कधी केला नव्हता. आतल्या तेलानं पेट घेतला, नळीतून धूर निघाला, मास्तर वहीसकट ओट्याखाली गेला, आणि चिंचेवरची बाराच्या बारा वानरं जी पळाली ती थेट जंगलात! मी विजयानं वळलो. छर्रा कुठंसा आपटून उलटा फिरला होता आणि मागे तांब्याच्या गुंडातून पाण्याची बारीक, सरळ धार निघाली होती. गुंड सुभद्रेच्या माहेरचा होता. धारेखाली तिनं लोटा लावला. तो भरला तसा दुसरा लावला.

तेल जळून, पुसून गेलं, धडाम् गेलं, वानरं परत आली, आणि छर्रे पुन्हा आपापल्या वाटेनं जाऊ लागले.

बाजाराला एक दिवस उरला होता. तेव्हा रामामास्तराच्या डोक्यात शेवटचा प्रयोग आला. "भाऊजी, राग नोका मानू. पण एक कारण राह्यलं. तुमी."

"मी?"

"मानवी दोष. तो काढाले पाह्यजे. बंदूक माणसाच्या हातात द्यायचीच नाई. बैलगाडीले बांधायची! गाडीले राग येत नाई, गाडीचा हात कापत नाई. बांधलेल्या बंदुकीचे छर्रेही इकडंतिकडं गेले, त दोष बंदुकीचा. पक्का!"

या माणसाला मी इतके दिवस उगाच जेवू घालत नव्हतो, असं मला प्रथमच वाटलं. आम्ही गाडी भिंतीसमोर उभी केली, चाकांना दगड लावले आणि बंदूक बैल जुंपायच्या जुवाडीच्या दोरानं दांडीला बांधली. मी गुडघा लावून दोर ओढला. पुन्हा ओढला. बंदूक आणि गाडी एकाच लाकडातून कोरल्यासारखी दिसू लागली.

सुभद्रा पलीकडे उखळात धान कांडत होती. मुसळ वर जायचं, खाली यायचं. तिनं मान न वळवता विचारलं, "इतकं आवळून काऊन बांधून राह्यले? तिले जराशी हलू द्या न."

"हलली त नेम कसा लागन?"

"मुसळ दाबून धरलं का हात सोलते अन् धानाची कणी होते. आपल्या वजनानं पडू द्या लागते."

"मुसळात अन् बंदुकीत फरक हाये!"

"हाव," ती म्हणाली. "मुसळ मले चालवता येते."

आम्ही पाच छर्रे झाडले. पाच छऱ्यांनी पाच गावं धरली! मास्तरानं लिहिलं, 'मानवी दोष : शून्य. बंदूक सदोष.' खाली सही केली. मी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. हसनभाईला भरबाजारात कान पकडताना मी डोळ्यांसमोर पाहत होतो. दोन्ही हातांनी.

बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे निघालो. मी, मास्तर, सुभद्रा (मीठ-मिरची घ्यायला) आणि पार्बताबाई (बरणी घ्यायला, माझ्याकडून). मी कागद हसनभाईसमोर उघडला. त्यानं तो उलटा धरून नीट पाहिला.

"कागद त चांगला हाये," तो म्हणाला. "पन बंदूक कागदानं चालते का? मारून दाखवा."

जुन्या घड्याळातली पितळी घंटी काढून त्यानं बाजाराच्या पडक्या भिंतीपुढे बांबूला टांगली. वीस पावलं. अख्खा बाजार गोळा झाला. भजेवाल्यानं कढई उतरवली. मी बंदूक घेतली, मूठ आवळली, दस्ता रोवला, दात खाल्ले.

फट्. भिंत.

फट्. भिंत.

फट्. भिंतसुद्धा नाही.

"झालं?" मी विजयानं ओरडलो. इतक्या आनंदानं नेम चुकलेला माणूस त्या बाजारानं पाहिला नसेल. "आता तुमी मारून दाखवा!"

"माह्या डोळ्यात मोतिया हाये, भाऊ. मले घंटीच दिसत नाई."

"पाहा लोकहो! ज्याचा माल त्यालेच चालवता येत नाई! पकडा कान!"

लोक हसू लागले. आता गर्दीत उभ्या असलेल्या सुभद्रेला काय दिसलं, ते ध्यानात घ्या. तिला अटीचा पत्ता नव्हता. तिला एवढंच दिसलं की, तिचा नवरा भरबाजारात तीनदा चुकला आणि लोक त्याला हसताहेत. तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात पार्बताबाईंनी तिला कोपर मारलं. त्या बाईचा आवाज जन्मतःच मोठा.

"सुभद्रे, जा न वो! रोज दुपारी त मारते!"

"रोज दुपारी?" मी म्हणालो.

"रोज दुपारी?" मास्तर म्हणाला. आगपेटीचं कोडं आम्हा दोघांना एकाच क्षणी सुटलं. डब्याचंही.

सुभद्रेनं मिरच्यांची पिशवी पार्बताबाईंकडे दिली, पदर खोचला आणि माझ्या हातातून बंदूक घेतली. मी सोडत नव्हतो, दोनदा ओढावी लागली. "नोको!" मी दबक्या आवाजात म्हणालो. "सुभद्रे, नोको मारू!"

"भेऊ नोका," ती तितक्याच हळू म्हणाली. "मी हाओ न."

तिनं बंदूक धरली असं म्हणताच येणार नाही. डावा तळहात पुढे केला आणि त्यावर ती ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. दस्ता खांद्याला टेकवला. गाल हलकेच लावला. बंदूक उडाली तेव्हा ती तिच्या हातात हलली, मागेपुढे झाली, आणि तिनं होऊ दिली.

टिंग!

बाजार ओरडला. तिनं नळी मोडली, छर्रा भरला.

टिंग!

वांगीवाली टोपलीवर चढली.

टिंग!

टाळ्या, शिट्ट्या! सुभद्रा वळली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि पुटपुटली, "वाचली न इज्जत? आता त हासा."

मी हसलो. कसा, ते विचारू नका.

हसनभाईनं तिला विचारलं, "बाई, हे कोणी शिकवलं?"

"कोणी कायले शिकवते? मुसळावानी ठेवली. दाबून धरली का ते बिथरते."

मग तो माझ्याकडे वळला. कान पकडले नाहीत. नुसतं म्हणाला, "नारायणभाऊ, एक साल."

"कायचं एक साल?" सुभद्रेनं विचारलं.

बाजारानंच तिला सांगितलं. सगळ्यांनी एकदम. तिनं कपाळाला हात लावला, "अगा माय! मंग मले पयले काऊन नाई सांगतलं?"

मी वांगीवालीकडे वळलो.

वांगीवालीनं वांग्यांचा भाव तिथल्या तिथं दुप्पट सांगितला. मी अर्धा शेर घेतली. घरी मास्तरानं वही काढली, 'मानवी दोष : शून्य' यावर रेघ मारली आणि खूप विचार करून लिहिलं, 'गाडीनंही भाऊजींसारखंच आवळून धरलं होतं.'

पुढे सुभद्रेनं मला शिकवायचा प्रयत्न केला. बंदूक तळहातावर ठेवायची, पकडायची नाही. मी ठेवतो, ठेवता येते. पण बोट घोड्यावर गेलं की मूठ आपोआप मिटते. मिठाचं पोतं डोक्यावर धरून ज्यानं जंगल तुडवलं त्याच्या हाताला 'नुसतं ठेवणं' म्हणजे काय, ते या जन्मात कळायचं नाही. मी सोडलं असतं तर पोतं पडलं असतं! हे मी सुभद्रेला सांगितलं. ती म्हणाली, "आता डोक्शावर पोतं कुठी हाये?"

ते वर्ष मी कसं काढलं ते मारुतीला ठाऊक. मी बाजारात शिरलो की लांबूनच हाका यायच्या, "या भाऊ, या! तुमच्यासाठीच ठेवलं!" शेवटी पिशवी सुभद्रेकडे दिली. अट माझ्यावर होती, तिच्यावर नव्हती. (हा मुद्दा मीच काढला. हसनभाईलाही मान्य करावा लागला.) मी मागे उभा राहून पाहायचो. ती वांगी हातात घ्यायची, भाव ऐकायची, "बरं" म्हणायची आणि वांगी हळूच परत ठेवून दुसरीकडे पाहायची. ना आरडाओरडा, ना वजनं. चार पावलं गेली की मागून हाक यायची, "बाई, अवो बाई!" आणि ज्या भावासाठी मी घसा फोडायचो त्याच्याही खाली ती घेऊन यायची.

वर्ष संपलं त्या दिवशी मी पहाटेच आंघोळ केली. नवी टोपी घातली. वांगीवालीसमोर जाऊन उभा राहिलो, मूठ आवळली, छाती भरून श्वास घेतला आणि पहिलाच शब्द असा फेकला की तीन दुकानांपलीकडे हसनभाईचं एक बंद घड्याळ चालू झालं. तेवढ्यात मागून हात आला आणि पिशवी काढून घेतली.

"द्या इकडं," सुभद्रा म्हणाली. "तुमी लय दाबून धरता."

हसनभाईनं मला फसवलं, हे माझं म्हणणं मात्र कायम आहे. नेमकं कशात फसवलं, ते अजून सापडायचं आहे. मास्तराच्या वहीत त्यासाठी एक कोरं पान ठेवलं आहे. बंदूक आता आमच्या दारावर टांगलेली असते आणि ती सुभद्राच काढते. ती गावाला गेली की वानरांची जबाबदारी माझ्यावर येते. डब्याला तिनं माझ्यासाठी दोरी बांधून दिली आहे. तीही ओढतो ती हलक्या हातानं. गेल्या खेपेला आवळून ओढली, तर डबा फांदीसकट खाली आला, आणि माझ्या खात्यावरचा आठवा कवेलू त्याचाच.